रिकामा कंस

दुपारच्या जेवणानंतर ऑफिसच्या त्या मजल्यावर सुस्ती उतरायची. एसीची एकसुरी घरघर, कोणाच्या तरी डब्याचा रेंगाळलेला वास, खिडकीच्या पट्ट्यांतून टेबलावर आलेल्या उन्हाच्या रेघा. अशा वेळी थोरली मुद्दाम रटाळ काम हातात घ्यायची. रटाळ कामात मन बुडत नाही, नुसतं तरंगत राहतं, आणि सध्या तिला तेवढंच झेपत होतं.

तिला थोरली म्हणायचे ते घरात. धाकट्या भावाचा जन्म झाला तेव्हा वडिलांनी ते नाव लावलं आणि तेच राहिलं. आता धाकटा समुद्रापलीकडे होता, आई कधीच गेली होती, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वडीलही गेले. त्या नावानं हाक मारणारी एक आत्या तेवढी उरली होती, वडिलांची बहीण. गुडघ्यांनी अडवल्यामुळे ती घराबाहेर पडत नसे.

हातातलं काम एका वृद्धनिवासाचं होतं. तिथल्या माणसांच्या रोजच्या नोंदी, म्हणजे औषध काय दिलं, जेवले का, झोप लागली का, भेटायला कोण आलं, हे सगळं कित्येक वर्षं जुन्या पद्धतीनं, एक्सएमएलमध्ये साठवलेलं होतं. आता नातेवाइकांना घरबसल्या फोनवर हे वाचता यावं म्हणून नवं ॲप येणार होतं, आणि त्या ॲपला जेसन लागत होतं. माहिती तीच, मांडणी वेगळी. जुन्या मांडणीत प्रत्येक गोष्टीच्या मागेपुढे तिच्या नावाची पाटी, नव्या मांडणीत सुटसुटीत कंस. थोरलीनं त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. एका बाजूनं जुनी फाइल आत घालायची, दुसऱ्या बाजूनं नवी बाहेर काढायची.

घोडं अडलं ते भेटींपाशी. कोणाला पुष्कळ भेटी असल्या की प्रोग्राम त्यांची यादी करायचा. एकच असली की यादी न करता ती सुटीच ठेवायचा. आणि एकही नसली तर जुन्या फाइलमध्ये भेटीची पाटीच नसायची, म्हणून नव्या फाइलमध्येही काही यायचं नाही. ॲपला हे तिन्ही प्रकार एकसारखे लागत. नाहीतर ते धाडकन बंद पडे. तेव्हा थोरलीनं एक नियम घातला: भेटी म्हणजे यादीच. एक असली तरी यादी. नसली तरी यादी, फक्त रिकामी. चौकोनी कंस उघडायचा आणि लगेच मिटायचा.

नियम चांगला होता. तपासणीला बसलेला पोरगेला टेस्टर, ज्याला सगळे शंकासुर म्हणत, तोसुद्धा खूश झाला.

"मॅडम, चालला तुमचा नियम," तो खुर्ची ढकलत तिच्या टेबलाशी आला. "हे बघा. मुद्दाम असा माणूस शोधून काढला ज्याला कोणीच भेटायला आलं नाही. मागच्या वेळी इथे ॲप झोपत होतं. आता कसं छान दिसतंय बघा, भेटी, आणि पुढे रिकामा कंस."

नावं झाकलेली होती, पण खोलीचा क्रमांक होता. सोबत माणूस आल्याची तारीख आणि गेल्याची तारीख.

थोरलीनं कंसाच्या त्या दोन खुणांकडे पाहिलं. त्यांच्यामध्ये काही नव्हतं, साधी मोकळी जागासुद्धा नव्हती.

"वर्षभर होता हो बिचारा," शंकासुर म्हणाला. "एक भेट नाही! असली कसली मुलं असतात?"

"असतील कामात," थोरली म्हणाली.

"काम काय आपल्याला नाही? तुम्ही नाही का वडिलांचं सगळं घरी केलंत?"

तिला मान हलवावी लागली. तिनंच तसं सांगितलं होतं ऑफिसात. घरीच गेले. माझ्या हातात गेले.

खरं असं होतं की वडील पडले, तेव्हा धाकटा सुट्टी काढून आला आणि त्यानं त्यांना याच वृद्धनिवासात सोडलं. थोरली गाडीत बसून राहिली. वडील फाटकातून आत जाताना मागे वळून बघतील या भीतीनं तिनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. पहिल्या रविवारी तिला जाववलं नाही. दुसऱ्या रविवारी, पहिल्या रविवारी गेलो नाही याची लाज वाटली म्हणून गेली नाही. मग ती लाजच वाढत गेली, व्याजासारखी, आणि शेवटी एवढी झाली की तिला ओलांडून फाटकापर्यंत पोचणं अशक्य झालं. वृद्धनिवास घरापासून फार लांब नव्हतं. वडील संध्याकाळी फोन करत. "तू स्वतः ये," म्हणत. "एकदाच ये, म्हणजे या लोकांना पटेल." तिला वाटायचं, आपल्याला मुलगी आहे हे त्यांना चारचौघांत दाखवायचं असेल. ती म्हणायची, बाबा, मीटिंग आहे. शेवटी त्यांना हलवलं दवाखान्यात, आणि ती पोचली तेव्हा चेहऱ्यावर चादर होती.

जुन्या फाइलमध्ये हे कुठेच दिसलं नसतं. न झालेल्या भेटीला जागा लागत नाही. तिच्या स्वतःच्या नियमानं त्या नसण्याला कंस घालून चव्हाट्यावर मांडलं होतं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "कधी येतंय गं ते तुमचं ॲप? शेजारणीची नात फोनवर घालून देणार आहे मला. दादाचे शेवटचे दिवस वाचीन म्हणते. मला काही जाता आलं नाही. तू जात होतीस म्हणून जिवाला बरं होतं."

"येईल लवकरच," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर तिनं ती नवी फाइल उघडली, वडिलांच्या कंसात कर्सर नेऊन ठेवला आणि एक भेट टाइप केली. तारीख एका रविवारची. नातं, मुलगी. नोंद, 'फळे घेऊन आल्या.' एवढं लिहिलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. फळं! मेलेल्या बापाला खोटी फळं. तिनं सगळं पुसलं, फाइल फेकून दिली आणि हात धुऊन आली. मग प्रोग्राम पुन्हा चालवून मूळ फाइलवरून कोरी नवी फाइल काढली.

कंस रिकामा नव्हता.

आपलंच काहीतरी राहिलं असेल, असं तिला वाटलं. पण तिनं फळं लिहिली होती, आणि इथे फळं नव्हती. तारीखही वेगळी होती. नातं, या शब्दापुढे 'थोरली' असं होतं. नोंद अशी: 'खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या. बोलल्या नाहीत.'

तिनं मूळ फाइल उघडून पाहिली. वडिलांच्या नोंदीत भेटीची पाटी नव्हती. शोधून पाहिलं, 'खुर्ची' हा शब्द त्या सगळ्या पसाऱ्यात कुठेच नव्हता. प्रोग्राम ओळीनं वाचून काढला. तो होता तसाच होता, सरळमार्गी, आत जे येईल तेच बाहेर देणारा. तिनं तो पुन्हा चालवला.

आता दोन भेटी होत्या.

कोणीही शहाण्या माणसानं इथे आरडाओरडा केला असता, निदान शेजाऱ्याला बोलावलं असतं. थोरलीनं कॉम्प्युटरचा स्क्रीन जरा आपल्याकडे वळवून घेतला. दिवसभर ती अधूनमधून प्रोग्राम चालवत राहिली, आणि दर खेपेला यादी वाढत राहिली. 'डावीकडे भांग पाडून केस विंचरले.' वडील भांग डावीकडेच पाडत. 'चष्मा पदरानं पुसून दिला.' 'पाणी पाजले. आजोबांनी नको म्हटले तरी थोडे थोडे पाजले.' 'उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदा ओढून घेतला.' तारखा सगळ्या रविवारच्या, आणि पुढेपुढे रविवारांमधल्याही.

तिला बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं. त्या नोंदी ती पुन्हा पुन्हा वाचू लागली, आणि वाचता वाचता त्या तिला आठवू लागल्या. खुर्चीचा गार दांडा. कंगव्यात आलेले पांढरे केस. आपण गेलोच होतो की काय, असं क्षणभर वाटायचं, आणि मग कानशिलं तापायची, कारण आपण गेलो नव्हतो हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"मॅडम, ही काय भानगड?" शंकासुरानं गाठलंच. "हा माणूस परवा रिकामा होता. आता याच्याकडे जत्रा लोटलीय! मी नोंदवून ठेवतो, गडबड आहे म्हणून."

"गडबड नाही रे," थोरली म्हणाली. "मूळ फाइलमध्येच होत्या त्या. माझ्या वाचण्यात आल्या नव्हत्या."

"खात्री आहे?"

"तुला नसते कधीच. मला आहे."

तो हसला आणि गेला. खोटं किती सहज आलं ओठांवर, याचं तिलाच नवल वाटलं. हेच घेऊन आत्या फोन हातात धरून बसेल. वाचून रडेल. म्हणेल, लेक असावी तर अशी.

त्या विचारानं तिला राहवेना, आणि त्या नोंदी आल्या कुठून ते बघायला ती वृद्धनिवासात गेली. निमित्त कामाचं काढलं, मेट्रनबाईंना नमुना दाखवून त्यांची संमती घ्यायची होती. ती भर सकाळी गेली. फाटक तिनं पहिल्यांदाच ओलांडलं. आत लांब व्हरांडा, फिनेलचा वास, भिंतीला धरून चालायची लाकडी दांडी, हातांच्या तेलानं काळी पडलेली. एक म्हातारबुवा ओठ हलवत उन्हात बसले होते. समोरून चादरींचा गठ्ठा घेऊन एक सेविका येत होती. तिला थांबवून मेट्रनबाईंचं दार विचारावं म्हणून थोरलीनं हात वर केला.

सेविकेनं गठ्ठा कमरेवर घेतला आणि तोंड भरून हसली.

"आलात होय ताई? मध्ये दिसला नाहीत. म्हटलं साहजिक आहे, आता काय राहिलंय इथे त्यांचं."

थोरलीचा हात वरच राहिला.

"मावशी, तुम्ही मला ओळखता?"

"घ्या! वर्षभर बघतेय की. पण एक सांगू का, आवाज आज पहिल्यांदा ऐकला बाई. तुम्ही आपलं नुसतं हसायचं आणि सरळ खोलीत जायचं. आम्ही म्हणायचो, शिकलेली आहे, मानी आहे."

व्हरांड्यात वारा नव्हता. चादरींना गरम इस्त्रीचा वास येत होता.

"बाबा..." थोरली म्हणाली. "बाबा काय म्हणायचे? मी आले की?"

सेविकेचं हसू जरा ओशाळलं. "आता कशाला उगाळायचं ते."

"सांगा ना."

"सुरुवातीला फार त्रास दिला हो त्यांनी. म्हणायचे, हिला आत घेऊ नका, ही थोरली नव्हे. थोरली माझ्यासमोर मान वर करत नाही, आणि ही एकटक बघते. पलंगाच्या त्या कडेला सरकून बसायचे. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, आपलीच माणसं परकी वाटायला लागतात. तुमच्या जिवाला किती लागलं असेल! पण तुमची माया मोठी, तुम्ही येतच राहिलात." तिनं आवाज उतरवला. "केस विंचरायच्या वेळी मीच धरायची त्यांचे हात. नाहीतर ऐकायचे नाहीत."

थोरलीनं भिंतीची दांडी धरली.

"आणि गंमत म्हणजे, तुम्ही शेजारी बसलेल्या असलात तरी फोन लावायचे. तुम्हालाच! तू स्वतः ये म्हणायचे, एकदाच ये, म्हणजे या लोकांना पटेल. आम्हाला हसू आवरायचं नाही. पुढे पुढे गप्प झाले मात्र. तुम्ही आलात की डोळे मिटून घ्यायचे. शेवटी शेवटी उघडायचेच नाहीत."

मेट्रनबाईंना न भेटताच थोरली परत फिरली. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं ते फोन आठवायचा प्रयत्न केला. वडिलांच्या बोलण्यामागे कधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता का? कोणाचा श्वास? तिला काही आठवेना. तिनं ते फोन कधी नीट ऐकलेच नव्हते. एका हातानं टाइप करत, बाबा, मीटिंग आहे, एवढंच म्हणायची. ते घाबरलेले होते, आणि तिनं ते चारचौघांत मिरवायला बोलावतात असं धरलं होतं. आणि आता, ते गेल्यावर, त्या नोंदी वाचून तिला बरं वाटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं वाटणं कशाला म्हणतात ते तिला त्या खिडकीशी कळलं.

ऑफिसात येऊन तिनं प्रोग्राम न चालवता नवी फाइल उघडली. वडिलांच्या कंसातली एकेक नोंद हातानं पुसली. चौकोनी कंस उघडा, चौकोनी कंस बंद. मग शंकासुराला बोलावलं.

"मघा... परवा तू विचारत होतास, असली कसली मुलं असतात. ती मी. ते माझे वडील. मी एकदाही गेले नाही. त्या सगळ्या भेटी खोट्या आहेत, मी काढून टाकल्यात. फाइल अशीच जाऊ दे."

तो मग अवघडून हसला.

"मॅडम, बरं नाही का तुम्हाला? मेट्रनबाईंचा मेल आलाय आत्ताच. साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला. तुमच्याइतकी नियमानं येणारी मुलगी त्यांनी पाहिली नाही म्हणे. आज येऊन न भेटता गेलात, डोळ्यांत पाणी होतं, असं लिहिलंय. आम्हाला बोलला नाहीत कधी! मी काहीबाही बोलून गेलो त्या दिवशी, माफ करा."

"अरे, मी गेले नव्हते."

"हो, हो," तो हळू आवाजात म्हणाला, दुखऱ्या माणसाशी बोलतात तसं. "तुम्ही घरी जा, आराम करा. भेटी मी परत घालून देतो."

आता खरं सांगायला एकच माणूस उरलं होतं. थोरली फोन घेऊन जिन्यात गेली. वरच्या झरोक्यातून पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. आत्यानं फोन लगेच उचलला.

"आत्या, मला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही. मी बाबांना भेटायला गेले नाही. एकदाही नाही."

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"आत्या? शिव्या दे हवं तर."

"दादा म्हणायचा मला फोनवर," आत्या म्हणाली. तिनं आवाज अगदी खाली आणला होता. "येते ती आपली नव्हे म्हणायचा. मी त्यालाच दामटलं गं. म्हटलं, पोर एवढी जीव टाकते, आणि तू काहीबाही बोलतोस."

"चूक माझी आहे, आत्या."

"ते राहू दे. तू आत्ता कुठे आहेस?"

"ऑफिसात. जिन्यात."

"खरं सांग."

"खरंच जिन्यात बसलेय. का?"

आत्याचा श्वास ऐकू येत होता. जिना चढल्यासारखा, वरवरचा. पण आत्या तर जिने चढत नसे.

"सकाळी दार वाजलं," आत्या म्हणाली. "मी उघडलं. मला वाटलं..."



"काय वाटलं?"

"निघ. लगेच निघ."

थोरली उठली. पर्स, चपला, काही न बघता पायऱ्या उतरू लागली. "निघाले. फोन बंद करू नकोस. बोलत राहा माझ्याशी. आत्या, ऐकतेयस ना?"

उत्तर आलं नाही. फरशीवर अनवाणी पावलं वाजली, घाई नसलेली. ती फोनच्या अगदी जवळ येऊन थांबली.

मग एक आवाज आला. मऊ, मायेनं भरलेला. तो थोरलीचाच होता, फक्त अशा स्वरात ती कधी कोणाशी बोलली नव्हती.

"कोणाचा फोन आहे गं, आत्या? ठेव तो. मी आहे ना."